मीटरवरचा गणपती

४ फेब्रु., मंगळ.
शाळेतून येताना दिवे लावले आणि पेट्रोलचा काटा एकदम पाऊण टाकीवर! दुपारी पाव होता. गाडी जुनी आहे, मान्य, पण चालता चालता पेट्रोल बनवत नसावी. इंजिनाच्या तापमानाचा काटाही तसाच वर. दिवे बंद केले की दोघे खाली.
हे म्हणाले, "भंगार आहे. रविवारी वणीला भाड्याची गाडी सांगतो." म्हटलं, सांगून तर बघा! सासूबाईंना देवीच्या गडावर मी नेणार, माझ्या गाडीतून. या वयात गाडी शिकले ती काय नुसती भाजी आणायला?

५, बुध.
इंडिकेटर लावला, तर दोन्ही काटे त्याच्या तालावर टुकटुक उड्या मारतात. दोन मीटर एकाच वेळी कसे बिघडतील? दोघांचं जे सामाईक, तेच बिघडलंय. म्हणजे अर्थिंगची वायर. आठवीला दरवर्षी शिकवते, घरी आज पहिल्यांदा उपयोगी पडलं. खूष!
पण मीटरचं कव्हर निघेना. तीन स्क्रू सुटले. चौथा थेट कव्हरवर बसवलेल्या गणपतीच्या बुडाखाली.

६, गुरु.
गाडीच्या आधीच्या मालकांना फोन केला. दिंडोरीचे, द्राक्षबागवाले. "मीच बसवला ना मॅडम, चांगला लांब स्क्रू मारून. घाटात हलाय नको. काटे व्हय? ते तवापासूनच नाचायला लागले. पण देव काढू नका, त्याच्यावरच तर गाडी चालती!"
फोन स्पीकरवर. समोर सा.बा. मटार सोलत बसलेल्या. झालं. "बसवलेला देव उपटणार असशील तर मी त्या गाडीत पाय ठेवायची नाही."
हे गालातल्या गालात हसत होते. इतका राग आला ना! पोळ्या जाड झाल्या.

७, शुक्र.
दिवसभर अबोला. मग संध्याकाळी सा.बा. स्वतःच, "अगं मंदा, घरचा गणपती आपण हलवतो तो कसा? उत्तरपूजा करून. उपटत नाही काही."
मी येडी. हे मला का नाही सुचलं?

८, शनि.
पार्किंगमध्ये उत्तरपूजा. सा.बा. पुढच्या सीटवर, मांडीवर ताम्हन. अक्षता वाहिल्या, दही ठेवलं, "पुनरागमनाय च" म्हणून मूर्ती हलवायला गेल्या. हलतेय कसली! "हा काही जायला तयार नाही गं," म्हणाल्या आणि आम्ही दोघी खदखदून हसलो. सोसायटीचा वॉचमन बघतच राहिला. मग मी मूर्तीच्या बुडाचा लांब स्क्रू काढला, मग कव्हरचा चौथा.
कव्हर निघालं. गणपतीच्या स्क्रूच्या टोकाने अर्थिंगची वायर जवळजवळ तोडलेली, दोन-चार तारांवर लोंबत होती. नवा तुकडा जोडून टेप गुंडाळली, बॉडीला घट्ट आवळली. दिवे लावले. काटे गप्प! इंडिकेटर. गप्प! नाचावंसं वाटलं.
खरं पेट्रोल मात्र तळाशी. आई गं. ह्यांनी मुकाट्याने भाड्याची गाडी रद्द केली.

९, रवि.
नांदुरीच्या पुढे, घाटात, दगडावर बसून लिहितेय. टाकी भरून निघालो छान. सा.बा. पुढे, मांडीवर खणानारळाची पिशवी आणि गणपती. हे मागे. चढ लागला तसा तापमानाचा काटा सरकायला लागला. अर्ध्याच्या वर.
"परत खोटं बोलतोय का गं?" सा.बा.
"नाही आई. आता खरं बोलतोय."
बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. हे पाण्याची बाटली घेऊन उभे आहेत. अर्धा घाट बाकी. रेडिएटर की पंखा, गार झाल्यावर कळेल.
मला वाटलं, सा.बा. आता परत फिर म्हणणार. तर म्हणतात, हवा छान आहे, मला घाई नाही. मग विचारलं, "आई, कव्हरला भोक नको आता. ह्याला कुठे बसवायचं?"
"कुठे नाही. हा माझ्याच मांडीवर," त्या म्हणाल्या. "म्हणजे तू गाडी काढलीस की मला बोलवावंच लागेल."