पाडव्याच्या दिवशीचं औषध

आई, तुझी पणती आता बरी आहे, हे आधी सांगतो. नाहीतर तूही माझ्यासारखीच काळजी करत बसशील. माझी ही नात पाच वर्षांची. लघवीला जळजळ आणि हुडहुडी भरून ताप, हे तिचं सारखं चालायचं. नारायणगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं परत परत झालं तर किडनीला इजा होते. म्हणून ताप नसला तरी रोज झोपताना थोडंसं औषध द्यायचं, काही महिने, आणि आपल्या मनानं बंद करायचं नाही. मी सातवीत शाळा सोडलेला. धडधाकट पोरीला औषध कशाला, हे माझ्या डोक्यात शिरेना.

त्यात पाडवा आला. पाडव्याला जे करावं ते वर्षभर मागं लागतं, असं तू म्हणायचीस. त्या दिवशी तू आम्हाला रडूसुद्धा द्यायची नाहीस. म्हणून गुढी उतरवल्यावर मी बाटली फडताळात वर ठेवून दिली आणि सुनेला म्हणालो, "आजच्या दिवस ऱ्हाऊ दे. सणाला औषध घेतलं तर वर्षभर सुटायचं न्हाई."

पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "मामंजी, सकाळी लिंबाचा पाला सगळ्यांना कुणी वाटला? त्यो काय पेढा व्हता?"

आणि तू डोळ्यांसमोर उभी राहतेस. राजुरीचं आपलं स्वयंपाकघर, पाट्यावर कोवळा पाला, ओवा, गूळ. "मी कुठं आजारी हाय?" म्हणून मी तोंड मिटून घेतलेलं. तू माझा कान धरतेस. "पडल्यावर खाऊन काय उपेग? पडू नये म्हून तर आज खायचं. उघड तोंड."

बाटली मीच खाली काढली. पोरीनं औषध घेतलं, ओठ चाटले आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या पाल्यापेक्षा लई गोड हाय."

काल बाईंनी तपासलं. इतक्या महिन्यांत ताप नाही, किडन्या चांगल्या आहेत, आता औषध थांबवू म्हणाल्या. मी लगेच विचारलं, थांबवल्यावर परत झालं तर? सून हसायला लागली. "बघा बाई, आधी देऊ नका म्हणत व्हते, आता बंद करू नका म्हणत्यात." बाई म्हणाल्या, लक्ष ठेवा, ताप आला तर लगेच आणा; पाणी भरपूर पाजा आणि लघवी धरून बसू देऊ नका.

तेव्हापासून पोरगी घरभर पहारा देते आहे. हे पत्र कुठं टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून गादीखाली ठेवीन. आत्ताच ती दारातून विचारून गेली, "आजोबा, तुमी जाऊन आला का?" मी हो म्हणालो. खरं तर लिहायच्या नादात मघापासून मीच धरून बसलोय. उठतो आता.