रजेच्या अर्जातलं कारण

बाबा, आज दुपारी रजेचा अर्ज लिहायला बसले आणि कारणाच्या ओळीवर तुम्ही आठवलात. तुमच्यासारखीच मीही आता वनरक्षक आहे, आरमोरीकडच्या जंगलात. मोहफुलं पडू लागली की ती नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, आणि वणवा लागला की जाब आपल्याला. तुम्ही तर पहाटेच खराटा घेऊन जायचात आणि बाया फुलं वेचायला यायच्या आत झाडाखालचा पाला स्वतः झाडून ठेवायचात. त्या हसायच्या, "गार्डभाऊ, आमच्या घरी बी झाडून द्या ना." तुम्हीही हसायचात. तरी कुठंतरी वणवा लागायचाच, मग साहेबांची बोलणी खाऊन घरी यायचात, थेट स्वयंपाकघरात, आणि उभ्याउभ्याच पाण्यात खायचा सोडा टाकून प्यायचात.

मी आठवीत असेन. म्हटलं, "बाबा, दवाखान्यात काऊन नाई जात?" तुम्ही खेकसलात, "मले काई नाई झालं. पित्त आहे. तू अभ्यास कर." त्याच उन्हाळ्यात वणवा विझवताना तुम्ही छाती धरून खाली बसलात, ते उठलाच नाहीत. कपाटात तुमच्या जुन्या अर्जांच्या प्रती सापडल्या. सगळ्यांत कारण एकच, घरगुती काम. आजारी लिहिलं तर याला जंगल झेपत नाही म्हणतील, ही तुमची भीती. आई ते वाचून एवढंच म्हणाली, "घरचं कोणतं काम केलं ह्यांनी? दिवसभर तं झोपून राह्यत."

आता मोबाईल आहे. कुठं आग दिसली की संदेश येतो, तासाभरात पोचून फोटो पाठवायचा. जेवताना वाजतो, न्हाताना वाजतो, बंद असला तरी वाजल्याचा भास होतो. शेजारच्या वनरक्षकाची जागा रिकामी, म्हणून तिकडचं जंगलही माझ्याच गळ्यात. झोप उडाली आहे, छातीत दुखतं. आरोग्य शिबिरात सिस्टरनं रक्तदाब दोनदा मोजला आणि म्हणाली, "ताई, उद्याच मोठ्या दवाखान्यात जा." त्या उद्याला तीन आठवडे झाले. माझ्याही पिशवीत सोड्याची पुडी असते. मला तुमचा फार राग येतो, बाबा. सगळ्यांच्या झाडाखालचं झाडलंत आणि स्वतःसाठी एक शब्द बोलला नाहीत.

अर्जात माझ्याही हातून 'घरगुती काम' लिहून झालं होतं. आईचा प्रश्न आठवला. ते खोडलं, 'छातीत दुखते, तपासणी करायची आहे' असं लिहिलं आणि ऑफिसात देऊन आले. रजा मिळाली, उद्या जाते आहे.

हे पत्र तुमच्या कपाटातच राहील, म्हणून सांगते. अर्ज वाचून साहेबांनी विचारलं, "काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "काई नाई सर, पित्त आहे."