नावाड्याचा आवाज

मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आहे. कंपनीची, आणि माझीही.

त्या मोठ्या कंपनीच्या गेमची थट्टा म्हणून मी एक छोटा, फुकटातला गेम केला होता. त्यांचा अजिंक्य योद्धा आमच्या नदीच्या ग्वारीघाटावर नावेत बसायला घाबरतो आणि नावाडी त्याला झापतो, "काहून घाबरून राहिला, भैया? बस ना!" आवाज बाबांचा. स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेला, मागे कुकरची शिट्टीसुद्धा आहे.

आज कंपनीच्या तक्रारीवरून, ज्या साइटवर गेम ठेवला होता तिने तो काढून टाकला. तक्रारीतल्या चोरीच्या यादीत योद्धा आहे, ठीक. पण नावाड्याचा आवाजही? शिट्टीसकट? कुणी ऐकला तरी का? विडंबन आहे म्हणून मला हरकत घेता आली असती. पण खातं बंद होईल या भीतीने मी 'तक्रार मान्य' दाबलं. यादी पूर्ण वाचली ती नंतर. काहून? आधी का नाही?

जेवताना बाबा म्हणाले, "गप्प काहून बेटा? लोक खेळून राहिले ना?"

"हो," म्हटलं.

खूश होऊन त्यांनी नावाड्याचं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. तो आवाज बाबांचा नाही, कंपनीचा आहे, हे मी दुपारीच मान्य करून बसले आहे.