ययातीतला तारा आणि पलीकडचा शालिग्राम

२० फेब्रुवारी १९०१
आजपासून रोज संध्याकाळी आकाश तपासणार. नकाशात नसलेला एक तारा सापडला की देवासचं, म्हणजे आमच्या थोरल्या पातीच्या संस्थानाचं, नाव विलायतेत जाईल. माझंही. आज ढग होते. सौ. म्हणाली, ढग कुठे आहेत, तुम्हांला झोप आली आहे. उगाच वाद घातला नाही.

२३ फेब्रुवारी
जेवताना शालिग्राम आला. एका गावाला दोन महाराज, मधे एक रस्ता. हा पलीकडचा, धाकट्या पातीच्या शाळेतला मास्तर. गेल्या साली माझा नवा तारा म्हणजे शनी, हे यानेच चारचौघांत सांगितलं. आज म्हणे, भिया (भाऊ म्हणायची ही यांची माळवी तऱ्हा), ययाती तारकासमूहात नवा तारा दिसतोय, तुमच्या नकाशात आहे का बघा, नसला तर वेधशाळेला तार करतो. पानावरून उठलोसुद्धा नाही. ठणकावलं, जुनाच आहे, नकाशात आहे. चांगली जिरवली!

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी सात
नकाशात नाही! ब्रह्महृदय ताऱ्याइतका ठळक. शोध माझाच. शालिग्रामने नुसता पाहिला, नकाशाशी ताडला मी. संताप एवढाच की दिसतो नेमका धाकट्या पातीच्या कौलांवर. वेधशाळेला अर्जंट तार केली.

२६ फेब्रुवारी
उत्तर आलं: आणखी कोणी पाहिला? म्हणजे माझ्या शब्दाला किंमत नाही! धारला मेहुण्याला, नीलकंठाला, तार केली, ययाती पाहून ताबडतोब कळव. शालिग्रामच्या दारात मेलो तरी जाणार नाही.

२७ फेब्रुवारी
नीलकंठाची तार: तारे पाहिले, सर्व खुशाल. गाढव! सौ.ला तिच्या माहेराबद्दल चार शब्द सुनावले. भात करपलेला मिळाला.

२८ फेब्रुवारी
रस्ता ओलांडला. गरज म्हणून नव्हे, सायन्ससाठी. शालिग्रामने पाट मांडला, गूळपाणी दिलं. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, भिया, तुम्ही मला वाचवलंत. तारेचा मजकूर लिहून तयार होता, तुमच्या शब्दावर फाडून टाकला, नाहीतर शाळेत हसं झालं असतं. आता वर बघतही नाही म्हणे. पोरांना माझं नाव सांगतो.
गूळपाणी बाजूला सारलं. असा संताप आला! एवढा विश्वास ठेवायला याला सांगितलं कोणी? तसाच परत आलो.

५ मार्च
मुंबईचा पेपर आला. ययातीतला नवा तारा साऱ्या जगाने पाहिलाय. शोधणारा विलायतेतला कोणी; नाव छापलंय. पेपर चुलीत घालायला उठलो, तर शालिग्राम तोच अंक घेऊन ओट्यावर हजर. विचारलं, भिया, याचं खरं मानू की तुमचं?
मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, पेपरवाले काय, काहीही छापतात.
वाटलंच मला, म्हणाला, आणि समाधानाने घरी गेला.