‘हॉकवर्थ’ची भेग

सोमवार, ११ ऑक्टोबर १९९३
सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. क्लासच्या ऑफिसात ‘हॉकवर्थ’ या जुन्या इंग्रजी विनाशिकेच्या, म्हणजे युद्धनौकेच्या, माहितीचं स्टेन्सिल टाइपरायटरवर कापत होतो. ‘१९०९ साली आरमारात दाखल’ एवढं टाइप झालं आणि टेबल हललं. मी थेट रस्त्यावर! वरच्या वर्गातून बारावीची पोरं खिदळत उतरली. सगळ्यात शेवटी माझी धाकटी बहीण शिल्पा. “दादा, चप्पल कुठाय तुझी?” सगळे हसले.
किल्लारीच्या भूकंपाच्या त्या पहाटेपासून पाणी पिताना आधी ग्लासात बघतो – हलतंय का.

मंगळवार, १२
वरच्या वर्गात तुळईखाली भेग. बोट जात नाही, पोस्टकार्ड जातं. दत्तोपंत सरांना दाखवली. क्लास त्यांचा, इमारतही त्यांचीच. “गिलावा आहे रे तो, वैजनाथ.” तरी गुरुबसप्पा मिस्त्रीला बोलावलं. त्याने भेगेवर काचेची पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना सिमेंट. काच तडकली तर भेग वाढली समजायचं.
“तुम्ही झोपाल का इथं?” मी विचारलं.
“मी कशाला झोपू? मला घर हाय की!”

गुरुवार, १४
‘हॉकवर्थ’ पुढे चालू. नौदल भरतीच्या पोरांसाठी सरांनी जुन्या इंग्रजी पुस्तकातून उतरवलंय. १९१४ – इंग्लिश खाडीत गस्त. १९१५ – धुक्यात आपल्याच जहाजाला धडक, नाक चेपलं, दुरुस्ती करून पुन्हा समुद्रावर. १९१६ – पाणबुड्यांचा पाठलाग. एकही सापडली नाही. जहाज कसलं, धीराची बाई वाटते. मी मुखेडचा, तळ्यापलीकडे पाणी पाहिलं नाही. अकरावी सोडलेली. पण ऱ्हस्व-दीर्घ एकही चुकला नाही.

शनिवार, १६
काच तडकली! सरांना हाताला धरून वर नेलं. “पोरांनी काचेला ढोसलं असेल.” नवी काच बसवली. वर्ग भरला.

सोमवार, १८
शिल्पाला म्हटलं, महिनाभर गावाकडे जाऊ. “भूकंप तुला झालाय दादा, बिल्डिंगला न्हाई! परीक्षा काय मुखेडला येणार हाय का माझ्यामागं?”
आईने तिला माझ्या भरवशावर लातूरला ठेवलंय. भांडी घासताना रडू आलं. नळ मोठा सोडला.

बुधवार, २०
शेवटचं पान. जानेवारी १९१७. भट्टीवर कोळसा टाकणाऱ्याने कळवलं – डेकच्या पत्र्याला भेग, वाढतेय. कप्तानाने नोंद घेतली, ठिगळ मारून घेतलं, निघाले. वादळात जहाज मधोमध मोडलं. पुढचा अर्धा भाग तासभर तरंगला. त्यावरचे वाचले. मागचे गेले.
बोटं थांबली. डोक्यावर बाकं सरकल्याचा आवाज. शिल्पाचा वर्ग.
वर जाऊन पाहिलं. दुसरी काचही तडकलेली! सर म्हणाले, “बदल ना मग.” मी ‘हॉकवर्थ’चं ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.
“छान झालंय. साठ प्रती काढ.”

गुरुवार, २१
प्रती काढल्या नाहीत. गंजगोलाईच्या बाजारातून कुलूप आणलं आणि क्लास भरायच्या आत जिन्याच्या लोखंडी दाराला लावलं. किल्ली खिशात. पायरीवरच बसलो. सर ओरडले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शिल्पा सगळ्यांसमोर म्हणाली, “हा माझा कोणीच न्हाई!”
पोरांना सोडायला आलेले पालक गोंगाट ऐकून जमले. एकाने किल्ली मागितली, वर जाऊन काच बघून आला. खाली येऊन आपल्या पोरीचा हात धरला आणि चालू लागला. मग दुसरा. मग सगळेच.
सरांनी मला काढून टाकलं. तरी दुपारी गाढ झोपलो. किती दिवसांनी!

शनिवार, २३
शिल्पाने दुसरा क्लास शोधला. माझ्याशी तेवढ्यापुरतं बोलली.
खर्च – कुलूप अडतीस रुपये. नव्या क्लासला आगाऊ पाचशे.
देणं – उरलेली फी, बाराशे.
वर्ग चौथ्या मजल्यावर आहे.