गावाची डाक्टर

बाबा,

हे पत्र मी तुमाले धाडणार नाही, म्हणून खरं लिहून राहिली.

आज कॉलेजात स्पेशलायझेशन निवडायचं होतं. पब्लिक हेल्थच्या दुसऱ्या वर्षाले साथरोग, पोषण, हॉस्पिटल मॅनेजमेंट, असं एक काहीतरी घ्यावंच लागते. प्रताप नगरच्या खोलीत माह्यासंग राहणारी मयुरा म्हणे, मॅनेजमेंट घे, नोकरी पक्की. मी कॅन्सर घेतला. बाया दवाखान्यात उशिरा काहून येतात, त्याचा अभ्यास.

तुमी अख्ख्या पारशिवनीले सांगत फिरले, "आमची पिंकी डाक्टर होऊन राहिली." मी दर खेपेले म्हणत होती, बाबा, मी पेशंट तपासत नाही, साऱ्या गावाच्या तब्येतीचं शिकते. तुमी नुसते हसत. आई म्हणे, "साऱ्या गावाची डाक्टर, मंग माहीच काहून नाही वं?"

छातीतली गाठ तिनं उन्हाळ्यापासून पदराखाली ठेवली. परक्या माणसाले काहून दाखवायची, दिवाळीत आपली पोरगी येतेच ना. मी आली तवा तिनं माहा हात धरून गाठीवर ठेवला. मले तपासता येत नव्हतं, तरी समजलं.

आईच्या तेरवीच्या पंगतीतही तुमी पाहुण्याइले तेच सांगून राहिले होते. मी खाली मान घालून वाढत होती.

आज सरांनी वर्गात विचारलं, बाया उशिरा काहून येतात? पोरं म्हणाली, पैसा नाही, गाडी नाही, लाज वाटते. सर म्हणाले, "आणखी?"

मी हात वर केला, अन् तुमचा चेहरा आठवून खाली घेतला. घरात डाक्टर आहे म्हणून, असं कसं सांगू?

तुमची,
पिंकी