मुळं अजून जिवंत आहेत

३ मार्च
आमच्या चष्म्याच्या दुकानात चारी बाजूंना आरसे. आज फ्रेम उचलायला वाकलो आणि मागच्या आरशात टाळूवरचा चांदोबा दिसला. माझाच! आता बस्स. उद्याच डॉक्टर.

४ मार्च
गुन्हेगार सापडला. पुरुषाच्या हॉर्मोनला एक एन्झाइम गाठतं आणि त्याचं डीएचटी करतं. ते केसाच्या मुळाला चिकटतं, मूळ बारीक होत जातं. पण मुळं अजून जिवंत आहेत म्हणे! डीएचटी कमी करायला गोळी, मुळांना जाग आणायला लोशन. घरात मांजर आहे का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मांजरांना हे लोशन विषारी. नाही म्हणालो. ठमी लेकीची आहे, माझी कुठे?

५ मार्च
एवढंसं लोशन म्हणजे चेष्टा. दुप्पट लावलं. दुप्पट औषध, निम्मा वेळ. ओल्या डोक्याने झोपू नकोस म्हणून बायको ओरडली. तिला काय, वेणी कमरेपर्यंत.

२२ मार्च
केस जास्तच गळताहेत. सुरुवातीला असंच होतं म्हणे. म्हणजे लागू पडतंय!

१० एप्रिल
नवलच. मला कधी न विचारणारी ठमी हल्ली माझ्या उशीवर झोपते. डोकंसुद्धा चाटते. जनावरांना कळतं बरोबर.

१४ एप्रिल
ठमी खात नाही. धापा टाकते. ऊन फार आहे.

१५ एप्रिल
जनावरांच्या डॉक्टरकडे नेली. छातीत पाणी झालंय. पोटात काही औषध गेलंय का, कळलं तर नेमका इलाज करता येईल, असं ते दोनदा म्हणाले. लेक माझ्याकडे बघत होती. छे, घरात साधी तापाची गोळी नसते, असं मी म्हणालो. संध्याकाळी फोन करून सांगेन.

संध्याकाळी
फोन लावला. एंगेज. उद्या पहिलं काम हेच.

१६ एप्रिल
पहाटे ठमी गेली. वय झालं होतं. तीन वर्षं म्हणजे मांजरात पुष्कळ. लोशन बंद. कायमचं!

१७ एप्रिल
मध्येच सोडलं तर आधीचंही वाया जातं म्हणे. चालू.

१२ जुलै
लेक आज खांद्यावर डोकं ठेवून ठमीसाठी रडली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा, केस येताहेत तुझे, म्हणाली आणि किती दिवसांनी हसली. डोकं ओलं होतं. आधी हात धुऊन ये, विषारी असतं ते, असं माझ्या तोंडून निघून गेलं.
कुणाला, असं तिने हळूच विचारलं.
जेवायला आली नाही. आरशात पाहिलं. केस छान आलेत.